नंबर दोनची बंदूक

६ फेब्रुवारी १९४८. जम्मू-काश्मीरमधल्या नौशेराजवळ तैनधारच्या धारेवर दोन नंबरच्या चौकीत राजपूत रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे नऊ जवान होते. नायक जदुनाथ सिंग त्यांचे म्होरके. पहिला हल्ला परतवताना चार जण जखमी झाले. दुसऱ्या हल्ल्यात उरलेलेही घायाळ झाले, खुद्द जदुनाथ सिंगांच्या उजव्या हाताला गोळी लागली. ब्रेन गन चालवणारा जवान जखमी होऊन पडला, तेव्हा त्यांनी ती बंदूक स्वतःकडे घेतली आणि चौकीच्या भिंतीशी येऊन भिडलेला शत्रू मागे रेटला. तिसऱ्या हल्ल्यात ते कामी आले. मरणोत्तर परमवीर चक्राच्या मानपत्रात ब्रेन गन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा हा उल्लेख अगदी ओझरता, एका वाक्यापुरता आहे.

त्याच्या जवळपास चार वर्षं आधी, ६ एप्रिल १९४४ रोजी, इंफाळच्या उत्तरेला नवव्या जाट रेजिमेंटचे जमादार अब्दुल हफीझ जपान्यांनी धरलेल्या टेकडीवर चढाई करत होते. पायाला गोळी लागलेली असताना त्यांनी शत्रूची मशीन गन नळीला धरून ओढली, मग आपल्याच एका जखमी जवानाची ब्रेन उचलली आणि गोळ्या झाडत पुढे गेले. त्यांनाही मरणोत्तर सन्मान मिळाला, व्हिक्टोरिया क्रॉस. प्रांत वेगळे, पलटणी वेगळ्या, शत्रू वेगळा, लढाईचं कारणही वेगळं. तरी दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट तीच आहे. बंदूक ज्याची होती तो पडला, ज्याची नव्हती त्याने ती उचलली, आणि ती लगेच चालली.

‘माणूस आणि अवजार’ या विषयावर लिहायचं ठरलं, तेव्हा ही ‘लगेच चालली’ म्हणण्यामागची गोष्ट उलगडून पाहावी असं वाटलं. शौर्याला श्रेय द्यायलाच हवं. पण जखमी माणसाच्या हातात अनोळखी यंत्र दिलं तर शौर्य तिथेच थबकतं. मशीन गनची थोरवी आपण सहसा मिनिटाला किती गोळ्या यावर जोखतो. ब्रेनच्या बाबतीत हे माप चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे. ती एका माणसासाठी घडवलेलीच नव्हती. तिचं वजन, तिचा वेग, मॅगझिनची जागा, दुरुस्तीची पद्धत, हे सगळं शेजारी पालथ्या पडलेल्या दुसऱ्या माणसाला धरून आणि त्याच्याही मागच्या रायफलवाल्यांना धरून जुळवलेलं होतं.

बर्नोहून एनफिल्डला

ब्रेनचं मूळ घराणं झेकोस्लोव्हाकियातलं. बर्नो शहरातल्या झ्ब्रोयोव्का कारखान्यात वाक्लाव होलेक या रचनाकाराने झेडबी २६ ही हलकी मशीन गन घडवली. ब्रिटिशांना पहिल्या महायुद्धातल्या अवजड लुईस गनला पर्याय हवा होता. १९३०च्या दशकात त्यांनी अनेक बंदुका तपासल्या आणि झेडबीच्या वंशातल्या बंदुकीवर बोट ठेवलं. ती लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनू लागली. बर्नो आणि एनफिल्ड यांची आद्याक्षरं जोडून तिचं नाव पडलं. पहिली ब्रेन सप्टेंबर १९३७ मध्ये तयार झाली.

तपासणीच्या काळात झालेला एक बदल बोलका आहे. झेक बंदूक ७.९२ मिलिमीटरच्या काडतुसावर चालायची. ब्रिटिशांचं .३०३ काडतूस कॉर्डाइट दारूचं होतं. ती दारू जळून उरणारी काजळी वायूच्या वाटेत साचायची आणि बंदूक अडायची. म्हणून बॅरलमधून वायू काढून घेणारं भोक मागे, चेंबरच्या बाजूला सरकवलं आणि सिलिंडर आखूड केला. कागदावर किरकोळ वाटणारा हा फेरफार खरं तर बंदुकीने सैन्याच्या गोदामाशी केलेली तडजोड होती. कोट्यवधी काडतुसं साठवलेली असताना आदर्श काडतूस मागण्यात अर्थ नव्हता.

हिंदुस्थानच्या फौजेने मात्र आधी वेगळी निवड केली होती. १९३३ मध्ये तिने विकर्स-बर्थिए ही बंदूक घेतली आणि ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनत होती. दिसायला ती ब्रेनची सख्खी बहीण वाटावी अशी: वरून लावायचं वाकडं मॅगझिन, पुढे दोन पायांचा आधार. महायुद्धाच्या ओघात ब्रेन हिंदी पलटणींमध्येही पोहोचली आणि मग स्वातंत्र्यानंतरही टिकली.

दार कधी बंद होतं

लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये किंवा लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये ब्रेन काचेमागे दिसते तेव्हा नजर जाते ती मॅगझिनच्या बाकाकडे. खरी करामत आत आहे. कॉकिंग हँडल मागे ओढलं की पिस्टन आणि त्याच्या पाठीवर बसलेला ब्रीच ब्लॉक मागे जाऊन अडकून राहतात. या स्थितीत चेंबर रिकामा असतो. ट्रिगर दाबला की बटमध्ये दडलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते. पुढे येता येता ब्लॉक मॅगझिनमधलं सगळ्यात खालचं काडतूस रेटत चेंबरमध्ये नेतो आणि तिथे थांबतो. पिस्टन मात्र थांबत नाही. त्याच्या अंगावरच्या उतारामुळे ब्लॉकची मागची बाजू वर उचलली जाते आणि बॉडीच्या छताला असलेल्या खाचेत घट्ट बसते. दार असं कडेकोट बंद झाल्यावरच पिस्टनचा उरलेला थोडा प्रवास पुरा होतो आणि त्याच्यावरचा खुंट फायरिंग पिनवर आदळतो. दार बंद झाल्याशिवाय बार उडणार नाही, हे वेगळा पहारा न ठेवता हालचालीच्या क्रमातूनच साधलेलं आहे.

बार उडाल्यावर गोळीमागच्या वायूचा थोडा हिस्सा बॅरलखालच्या भोकातून सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे हाणतो. सुरुवातीचा काही अंतराचा प्रवास पिस्टन एकटाच करतो. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडलेली असते, दाब उतरलेला असतो; मग ब्लॉकची शेपटी खाली येते, तो मागे सरकतो आणि रिकामी पुंगळी खालच्या बाजूने बाहेर पडते. ट्रिगर दाबलेलाच असेल तर हे चक्र पुन्हा सुरू. मिनिटाला साधारण ५०० या गतीने. बॉडी आणि बॅरल बटच्या घसरणीवर किंचित मागे सरकून धक्का पचवतात, म्हणून खांद्याला बसणारा हिसका त्या ताकदीच्या काडतुसाच्या मानाने सौम्य असतो.

चेंबर रिकामा ठेवून थांबण्यामागे कारण आहे. सतत झाडल्यावर बॅरल इतकी तापते की आत राहिलेलं काडतूस ट्रिगर न दाबताही उडू शकतं. ब्रेन थांबते तेव्हा आत काडतूस नसतं आणि नळीतून हवा खेळती राहते. तरी बॅरल तापतेच. झपाट्याच्या माऱ्यात मिनिटाला चार मॅगझिन रिकामी करायची आणि दहा मॅगझिननंतर बॅरल बदलायची, असा दंडक होता. म्हणजे अडीच मिनिटं. बॅरलवर लाकडी मुठीचं हँडल असतं. एरवी बंदूक उचलून न्यायला ते उपयोगी पडतं, आणि तापलेली नळी हात न भाजता काढायलाही तेच. खटका उचलायचा, नळी उपसायची, दुसरी बसवायची. सरावलेल्या हाताला काही सेकंद पुरतात. ते काम बहुतेक वेळा नंबर दोनचं, म्हणजे बंदूक झाडणाऱ्या नंबर एकच्या मदतनिसाचं.

वर लावलेलं मॅगझिन

ब्रेनवरचा सर्वांत सरळ आक्षेप तिच्या डोक्यावरच्या मॅगझिनवर आहे. ते नजरेच्या आड येतं म्हणून नेम धरण्याची साधनं डाव्या बाजूला सरकवावी लागली. त्यामुळे डावऱ्या माणसालाही बंदूक उजव्याच खांद्याला लावावी लागते. शिवाय आडोशावरून मॅगझिन उंच दिसतं आणि जागा उघडी पडते. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत.

पण मॅगझिन खाली असतं तर काय झालं असतं? जमिनीवर पालथ्या पडलेल्या माणसाला तीस काडतुसांचं मॅगझिन बसवायला बंदूक उचलावी लागली असती, म्हणजे प्रत्येक वेळी नेम मोडला असता. बंदूक जमिनीपासून उंच धरावी लागली असती आणि तिच्याबरोबर माणसाचं डोकंही. वरच्या मॅगझिनमुळे नंबर एक गाल बटला चिकटवून, डोळा नेमावर ठेवून तसाच राहतो. डावीकडे पडलेला नंबर दोन हात लांबवून रिकामं मॅगझिन उपटतो आणि भरलेलं बसवतो. पाहणाऱ्याचं पाहणं तुटत नाही. ज्या रचनेला एकट्या माणसाची अडचण म्हणून नावं ठेवली जातात तीच रचना दोघांसाठी सोय ठरते. झेक रचनाकाराच्या मनात हे सगळं होतं का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पायदळाने तिचा वापर असा बसवला, आणि रचनेने त्याला साथ दिली.

ही वाटणी दोघांवर थांबत नाही. भरलेलं मॅगझिन किलोभराहून जड. दोघं मिळून ती किती वाहणार? म्हणून सेक्शनमधला, म्हणजे त्या छोट्या तुकडीतला, प्रत्येक रायफलवाला आपल्या छातीवरच्या थैल्यांत ब्रेनची मॅगझिन बाळगायचा. १९३७च्या नमुन्याच्या पट्ट्यांवरच्या त्या दोन मोठ्या थैल्या ब्रेनचं मॅगझिन मावेल अशा मापाने शिवलेल्या होत्या. रायफल आणि ब्रेन दोघींचं काडतूस एकच. ब्रेन रिकामी होऊ लागली की मॅगझिन हातोहात पुढे सरकत. ज्याने ती बंदूक कधी युद्धात झाडली नाही, त्याच्याही अंगावर तिचा वाटा असे. आणि शिक्षण सगळ्यांनाच दिलेलं असे, कारण कोण कधी पडेल याचा नेम नव्हता.

किनार आणि कवायत

.३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली किनार असते. अशी काडतुसं एकावर एक रचली की थर सरळ राहत नाही, वाकतो. ब्रेनच्या मॅगझिनचा बाक त्यातून आला. भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची किनार खालच्याच्या किनारीपुढे यायला हवी. एक जरी मागे राहिली तर वरची खालचीला अडकवते आणि ऐन वेळी बंदूक मुकी होते. शिवाय तीस मावत असूनही सहसा अठ्ठावीसच भरत, स्प्रिंगवर फाजील ताण नको म्हणून. युद्धाआदल्या रात्री मॅगझिन भरत बसलेला जवान जे काम करत असे, त्याचा हिशोब दुसऱ्या दिवशी वेगळ्याच माणसाला द्यावा लागे.

कोणी म्हणेल, ही तर गरजेला सद्‌गुणाचं नाव देण्याची हातचलाखी झाली. किनारीचं जुनं काडतूस ही ब्रिटिशांची मजबुरी होती, कमी क्षमतेचं मॅगझिन ही त्या मजबुरीची पोर. मान्य. किनार हा दोषच होता आणि पुढे ७.६२ मिलिमीटरचं बिनकिनारीचं काडतूस आलं तेव्हा त्यातून सुटका झाली. मात्र दोष कुठे ठेवायचा याची निवड माणसाच्या हातात असते. ब्रेनमध्ये तो लढाईच्या क्षणापासून उचलून आदल्या रात्रीच्या शांत कामात नेऊन ठेवला. तिथे वेळ होता, कंदील होता, चूक सुधारता येत होती.

बंदूक अडली तर काय करायचं याचंही असंच. हँडल मागे ओढ, मॅगझिन काढ, दुसरं लाव, पुन्हा झाड. एक-दोन गोळ्यांनंतर परत थांबली तर दोष वायूचा धरायचा: रेग्युलेटरला चार भोकं असतात, ते फिरवून मोठं भोक पुढे आणायचं. कारण शोधण्याआधी उपाय करायचा, कारण बहुतेक बिघाड त्या दोन उपायांनीच सुटत. दुरुस्तीचं ज्ञान मेकॅनिककडून काढून कोणत्याही शिपायाच्या सवयीत उतरवणं, ही मला ब्रेनच्या घडणीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

यातला एक पैलू आपल्याला जवळचा आहे. हिंदी फौजेत शिकवण्याची भाषा रोमन लिपीतली उर्दू होती. कोकणातून, देशावरून, मराठवाड्याच्या सीमेवरून बेळगावच्या मराठा केंद्रात आलेल्या पोराला ती भाषा आणि ती लिपी दोन्ही परकीच. अशा पोराला वायूचा दाब शब्दांत समजावून बंदूक शिकवणं कठीण. पण ब्रेन पाच भागांत सुटते: पिस्टन, बॅरल, बट, बॉडी, पुढचे पाय. बॉडीची खीळ काडतुसाच्या टोकाने ढकलली की बाकीचं हाताने निघतं, हत्यार लागत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून ती सोडवायची आणि जोडायची, असा सराव असे. ते शिक्षण बोटांत राहत होतं, आणि बोटांना भाषांतर लागत नाही. सेफ, एकेक गोळी आणि सलग मारा यांसाठी असलेली तीन इंग्रजी अक्षरं वाचता आली नाहीत तरी दट्ट्याची दिशा अंधारात कळायची.

बाराशेपुढे पाचशे

आता खरा आक्षेप. जर्मनांची एमजी ४२ मिनिटाला १२०० गोळ्या ओकत होती आणि पट्ट्यावर चालत होती. ब्रेनच्या मॅगझिनमधल्या अठ्ठावीस गोळ्या सलग झाडल्या तर साडेतीन सेकंदांत संपतात. अशा सामन्यात दोघांची सोय वगैरे गोष्टींना काय किंमत?

त्या वेगाची किंमत मराठ्यांनी मोजली आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचे नायक यशवंत घाडगे यांचा सेक्शन मशीन गनच्या माऱ्यात सापडला. जवळून झालेल्या त्या माऱ्यात घाडगे सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचा हा तरुण एकटा धावत गेला, ग्रेनेडने बंदूक आणि ती चालवणारा दोघांना उडवलं, एकाला टॉमी गनने मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमी गन नळीला धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

या प्रसंगाकडे पाहून ब्रेनची बाजू घेणं सोपं नाही. मांडलेल्या ठाण्यातून, भरपूर पट्टे जवळ असताना, उघड्यावरून येणाऱ्या माणसांवर झाडायचं असेल तर एमजी ४२ जास्त घातक होती, यात वाद नको. जर्मन सेक्शनची बांधणीच मशीन गनभोवती होती. बाकीचे तिच्यासाठी पट्टे वाहत. ब्रिटिश आणि हिंदी सेक्शनमध्ये ब्रेन रायफलवाल्यांना पुढे सरकू देण्यासाठी होती. तिचं काम शत्रूचं डोकं खाली ठेवणं, तेही चार-पाच गोळ्यांच्या तुकड्यांत, आणि आपली माणसं पुढे सरकली की उठून त्यांच्यामागे पळणं. साधारण दहा किलोची बंदूक खांद्याला लावून, प्रसंगी कमरेशी धरून झाडत पळता येते. अब्दुल हफीझ यांनी तेच केलं. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीकाठी मराठा रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून नेलं आणि मग तीन मशीन गन ठाणी गप्प केली. त्यांनीही टॉमी गन आणि ग्रेनेडच वापरली. वेगवान माऱ्याचं ठाणं अखेर जवळ पोहोचलेला माणूस मोडतो. त्याला जवळ पोहोचवणं हे हलक्या मशीन गनचं काम.

वेगाचा दुसरा हिशोब पाठीचा आहे. सेकंदाला वीस गोळ्या गिळणाऱ्या बंदुकीला सेकंदाला वीस गोळ्या वाहून आणणारी माणसंही लागतात. डोंगरात, पायवाटेवर, खेचरांच्या भरवशावर लढणाऱ्या पलटणीला ते परवडत नव्हतं.

ब्रेन ‘गरजेपेक्षा जास्त अचूक’ होती, गोळ्या एकाच ठिकाणी पडत म्हणून क्षेत्रभर मारा होत नसे, असाही एक आक्षेप वारंवार वाचायला मिळतो. मला तो टिकाऊ वाटत नाही. मारा पसरवायचा असेल तर बंदूक किंचित हलवता येते. पसरट बंदुकीला मात्र एका खिडकीवर किंवा बंकरच्या फटीवर आवळता येत नाही. आणि एकेक गोळी झाडण्याची सोय असल्यामुळे ब्रेनवाला आपण साधे रायफलवाले आहोत असं भासवून मशीन गनची जागा लपवू शकत होता. गोळ्या मोजून वाहणाऱ्या सैन्याला आवळ माराच हवा होता.

७.६२ नंतर

१९५०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिशांनी पट्ट्यावर चालणारी, एफएन मॅगच्या वंशातली सर्वकामी मशीन गन घेतली. बचावाच्या ठाण्यात आणि सलग माऱ्यात पट्टाच सरस, हे मान्य करणारा तो निर्णय योग्य होता. तरी ब्रेन गेली नाही. ७.६२ मिलिमीटरसाठी बदललेल्या तिच्या आवृत्तीत जवळजवळ सरळ मॅगझिन आलं, आणि सेक्शनच्या एसएलआर रायफलचं मॅगझिनही तिला चालत असे. अडीअडचणीला शेजाऱ्याच्या थैलीतून काढून लावता येणं हे जुनंच तत्त्व. १९८२च्या फॉकलंड युद्धात आणि १९९१च्या आखाती युद्धातही ती काही तुकड्यांकडे होती. भारताने कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत ७.६२ची आवृत्ती बनवली, ‘एलएमजी’ या तीन अक्षरांनी जवानांच्या पिढ्या तिलाच ओळखत आल्या, आणि इन्सास मालिका येईपर्यंत पायदळाचा भार तिने वाहिला.

मार्च २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने इस्रायलकडून १६,४७९ नेगेव लाइट मशीन गन घेण्याचा करार केला. तीही ७.६२, पण पट्ट्यावर चालणारी. अशा बंदुकीचं मोल ठरवताना लक्ष्यावरची भोकं मोजली जातातच. त्याआधी आणखी एक चाचणी व्हायला हवी. थंडीत हातमोजे घातलेल्या, कधीही नंबर एक न झालेल्या एखाद्या रायफलवाल्याला अंधारात ती बंदूक द्यावी, पट्टा संपलेली. तो किती वेळात ती भरतो आणि अडली तर कुणाला न विचारता किती वेळात सुरू करतो, हे घड्याळ लावून मोजावं.